पान एकशे बारा

वाचनालयाच्या खिडकीतून हर्णैचा लिलाव ऐकू येतो,
सुरमईचा भाव, आणि मधेच कुणाची तरी शिवी.
परवीन मुकादम रजिस्टर उलटते, माझं नाव शोधते.
सापडतं. सभासद क्रमांक तोच, वर्गणी अकरा वर्षांची थकलेली.
"आठल्येबाईंचा बाविसावा आलाय," म्हणते,
"तुम्ही चौदाव्यावर थांबला होतात."

तिला आठवतं. मला वाटलं होतं, फक्त मलाच.

मी बर्फाच्या कारखान्यात पावत्या फाडते.
थंडीत काय टिकतं नि किती वेळ, हे मला
डॉक्टर मृदुला आठल्ये भेटण्याआधीपासून ठाऊक आहे.
तरी शिकले त्यांच्याकडून बरंच:
नखाखालची माती गप्प बसत नाही,
माशी वेळ पाळते,
आणि बुडालेल्याच्या हाडात, पार मज्जेपर्यंत,
पाण्यातले काचेसारखे बारीक जीव पोचतात.
डायटम म्हणतात त्यांना.
आधीच मेलेला माणूस पाण्यात टाकला, तर नाही पोचत.

सुरी लावण्याआधी, प्रत्येक भागात, एकदाच,
बाई त्या मेलेल्याला म्हणतात,
"थोडा वेळ घेते तुमचा."

हरेश्वर माझा धाकटा.
होडी त्याच रात्री परत आली. तो तिसऱ्या दिवशी,
पाजपंढरीच्या अंगाला.
दापोलीचा डॉक्टर तरुण, पुढ्यात बिस्किटांचा पुडा.
"बुडून," म्हणाला. फॉर्मवर दीड ओळ.
मी विचारलं, मज्जा तपासली? डायटम पाहिले?
त्याने मान वर केली. "पुस्तकं वाचता वाटतं, बाई?"
शिपाई हसला. मीही हसले थोडी,
समोरचा हसला की हसायची सवय.

चौदावा त्याच आठवड्यात परत केला.

आता बाविसाव्यात आठल्येबाईंना चष्मा लागलाय.
माझ्या अकरा वर्षांत त्या तीनच वर्षांनी थकल्यात,
त्यांचं बरं आहे.
सहायक पेडणेकरची खुर्ची खिडकीपाशी नाही.
चहाचा एकच कप येतो.
त्याचं नाव निघालं की वाक्य आखडतं,
बाई लगेच फाईल मागतात.
मधले सात भाग वाचले नाहीत, तरी कळलं:
पेडणेकर गेला, बहुतेक अठराव्यात,
आणि टेबलावर बाईच होत्या.

कुणीतरी पान चाळीसवर पेन्सिलीने लिहून ठेवलंय,
"खुनी मेहुणा."
असू दे. मी खुन्यासाठी वाचत नाही.
लेखकमहाशयांनी मात्र समुद्र लांबूनच पाहिलेला:
पुनवेच्या संध्याकाळी सहाला प्रेत म्हणे भरतीने वर आलं.
अहो, त्या वेळी पाणी पार मागे,
पोरं खडकावर कालवं फोडत असतात!
मीही पेन्सिल घेतली. समासात लिहिलं, "चूक. ओहोटी."
इतकं बरं वाटलं, की उठून पुन्हा चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी परवीनला म्हटलं, चौदावा आहे?
होता, खालच्या फळीवर, कडा वाळवीने खाल्लेल्या.
आत माझी खूण तशीच.
कारखान्याची पावती:
होडी जलदुर्गा, बर्फ चाळीस लाद्या, पहाटे पाच दहा,
अक्षर माझं.
खाली हरेश्वरची सही, घाईतली, श्व अर्धाच.
कोपऱ्यात अंगठ्याचा डाग.
बर्फाचं पाणी, डिझेल, की माशाचं रक्त,
बाईंनी क्षणात सांगितलं असतं.
मी पावती उजेडात धरली नाही.
"थोडा वेळ घेते तुझा," ओठांवर आलं होतं,
पण परवीन समोर होती, आणि कुणी पावसाळी अंक मागत होतं.

पान एकशे बारा. टेबलावर कुणाचं तरी अंग, वर पांढरी चादर.
उलटलं.

एकशे तेरावर आठल्येबाई हातमोजे काढतात
आणि चहा प्यायला बाहेर जातात.